साथीला लाउडस्पीकर

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात बासरीचा कार्यक्रम ऐकला. आपली बांबूची बासरी नव्हे, पाश्चात्त्य पद्धतीची, धातूची. मंचावर वादक एकटीच. पुढ्यात स्वरलिपीचा स्टँड, तोंडाशी माइक आणि उजव्या पावलाजवळ शिलाई मशीनच्या पायट्याची आठवण करून देणारं एक छोटं पेडल. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. मधल्या दोन-तीन खुर्च्या हलवून केलेल्या जागेत लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन एक तरुण बसलेला. सुरुवात होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच माझ्या मागच्या रांगेतले काका शेजाऱ्याला म्हणाले, "ही वाजवतेय, का रेकॉर्डिंग लावलंय?"

शेजाऱ्याने त्यांना गप्प केलं. मला मात्र वाटलं, त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका प्रश्न काकांनीच विचारला. ती वाजवत होतीच. रेकॉर्डिंगही होतं. शिवाय तिसरी एक गोष्ट चालू होती: तिच्या बासरीचा आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये जात होता आणि तिथून वेगळंच रूप घेऊन कोपऱ्यातल्या स्पीकरमधून परत येत होता. ती वाजवत होती ते फिनलंडच्या संगीतकार काइया सारिआहो यांचं १९९२ सालचं 'नोआनोआ'. सारिआहो २०२३ मध्ये गेल्या तेव्हा जगभर त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. त्या लेखांतल्या 'वाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक्स' या शब्दांपाशी बरेच वाचक अडखळले असतील. काकांसाठी आणि त्या वाचकांसाठी हा लेख.

आधी 'चेंबर' म्हणजे काय ते

चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत मावेल असं संगीत. दोघं, चौघं, फार तर दहा-पंधरा वादक. प्रत्येकाला स्वतःची वेगळी ओळ, आणि लहान संचात तर समोर काठी हलवणारा संचालकही नसतो. चार तंतुवाद्यांचा संच, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, हा त्याचा सगळ्यात नावाजलेला प्रकार. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनची जरा थोरली, भारदस्त आवाजाची बहीण) आणि एक चेलो. ऑर्केस्ट्रात सोळा व्हायोलिनमधलं एक चुकलं तर खपून जातं, इथे चुकणाऱ्याला लपायला जागा नसते. आपल्याकडे बैठकीच्या मैफलीत गायक, तबलजी आणि पेटीवाला एकमेकांच्या डोळ्यांत बघून गातात-वाजवतात, तसंच हे. फरक इतकाच, की इथे बहुतेक सगळं आधी लिहिलेलं असतं.

अशा जवळच्या माणसांच्या बैठकीत लाउडस्पीकरला आणून बसवायचं. तो कोणाकडे बघणार? त्याच्याकडे कोण बघणार? या प्रकारच्या संगीताची सत्तर वर्षं या एका अडचणीभोवती फिरली आहेत.

लेहरा मशीन आणि लेहरा धरणारा माणूस

मी काही वर्षं तबला शिकलो. एकल तबल्याला लेहरा लागतो, म्हणजे पेटीवर किंवा सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणारी एका आवर्तनाची धून. तिच्या आधारावर तबलजी आपला पसारा मांडतो. घरी रियाजाला माझ्याकडे लेहरा मशीन होतं, क्लासमध्ये पेटीवर गुरुजींचे स्नेही बसायचे. मशीनची एक खोड म्हणजे ते ऐकत नाही. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं) अर्ध्या मात्रेने घसरली की मशीन आपलं समेवर जाऊन बसलेलं असतं आणि तुम्ही मागे एकटे. पेटीवाले मात्र माझा श्वास वर-खाली झाला की ओळखायचे. मी घाईला आलोय हे मला कळायच्या आधी त्यांना कळायचं आणि लेहरा किंचित घट्ट धरून ते मला जागेवर आणायचे.

हा फरक लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक आवाज आधीच पूर्ण तयार करून ठेवला असेल आणि वादकाने त्याच्याबरोबर चालायचं असेल, तर त्याला 'टेप' म्हणतात. आज ती लॅपटॉपमधली फाइल असते, पण नाव टेपच राहिलं आहे. यंत्र जागच्या जागी वादकाचा आवाज घेऊन त्याच्यावर काही करत असेल, तर ते 'लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स'. पहिल्यात वादक यंत्राच्या मागे जातो, दुसऱ्यात यंत्र वादकाच्या. 'नोआनोआ'सारख्या रचना दोन्ही वापरतात: काही आवाज आधी मुद्रित केलेले आणि पेडल दाबल्यावर सुटणारे, काही त्याच क्षणी बासरीतून निघालेले.

ब्लेड, टेप आणि आरडाओरडा

१९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे, भांड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांच्यापासून छोट्या रचना केल्या आणि त्या रेडिओवर वाजवल्या. तेव्हा त्यांच्याकडे टेपही नव्हती, तबकड्या होत्या. टेप हाताशी आली आणि आवाज ही कापता येणारी वस्तू झाली. स्टुडिओतली टेप सेकंदाला साधारण ३८ सेंटीमीटर धावायची. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा आवाज हवा असेल तर पट्टीने पावणेचार सेंटीमीटर मोजायचे, ब्लेडने तिरकं कापायचं आणि चिकटपट्टीने पुढच्या तुकड्याला जोडायचं. दहा मिनिटांच्या संगीतामागे महिने जायचे ते यामुळे.

वाद्य आणि टेप एकत्र आणायचा पहिला मान साधारणपणे इटलीच्या ब्रुनो मादेर्ना यांना दिला जातो. १९५२ साली त्यांनी बासरी, झांज आणि टेप यांच्यासाठी रचना केली. नावच होतं 'दोन मितींवरचं संगीत'.

पण गाजलं ते एदगार वारेझ यांचं 'देझेर', म्हणजे वाळवंटं. २ डिसेंबर १९५४, पॅरिस. कार्यक्रमात आधी मोझार्ट, नंतर चायकोव्हस्की आणि मध्ये हे. फुंकवाद्यं, पियानो, तालवाद्यं वाजून थांबतात, मग स्पीकरमधून कारखान्यांसारखे आवाज येतात, मग परत वाद्यं. मोझार्ट ऐकायला आलेल्या लोकांनी आरडाओरडा केला, आणि कार्यक्रम रेडिओवर थेट चालू असल्याने तो घरोघरी पोचलाही. गोंगाटापेक्षा मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. वारेझ यांनी टेप आणि वाद्यं एका वेळी वाजवलीच नाहीत. आळीपाळीने वाजवली. एकाच घरात राहणारे, पण एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ असावेत तसं. बोलणं सुरू व्हायला आणखी काही वर्षं जायची होती.

रिक्षाचा सूर

ते सुरू झालं ठळकपणे १९६० मध्ये, कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन यांच्या 'कोन्टाक्ट'मध्ये. पियानो, तालवाद्यं आणि चार बाजूंनी येणारी टेप, सुमारे ३५ मिनिटं. जर्मनीत कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत त्यांनी दोन वर्षं खपून ही टेप बनवली. आवाज श्रोत्यांभोवती फिरावा म्हणून एक स्पीकर फिरत्या टेबलावर ठेवला, भोवती चार माइक लावले आणि टेबल हाताने फिरवलं. स्वस्तातली युक्ती, पण परिणाम आजही थक्क करतो.

या रचनेत साधारण सतराव्या मिनिटाला एक जागा येते. तिच्यासाठी आधी रिक्षा आठवा. उभ्या रिक्षाचं इंजिन फट-फट-फट करत असतं. प्रत्येक फट मोजता येतो. चालकाने मूठ पिळली की फट-फट जवळ येतात आणि एका क्षणी ते फट राहत नाहीत, त्यांचा एक सलग भुंगा होतो. त्याच्याशी सूर जुळवून गुणगुणताही येतं. म्हणजे ताल खूप द्रुत केला की सूर होतो. कानाला ठोके वेगळे ऐकू येण्याची हद्द सेकंदाला साधारण १६ ते २० ठोक्यांच्या आसपास आहे. त्याच्या पलीकडे सूर, अलीकडे लय.

श्टॉकहाउझन यांनी हे उलट्या दिशेने केलं. टेपवर एक सूर वळणं घेत खाली खाली येतो, इतका खाली की तो फुटतो आणि टक-टक ऐकू येऊ लागतं. सूर आणि लय हे एकाच रस्त्याचे दोन भाग आहेत, हे पुस्तकात वाचून कळतं. इथे ते कानासमोर घडतं. आणि हे कोणतंही हाताने वाजवायचं वाद्य करू शकलं नसतं. तबल्यावर रेला कितीही द्रुत गेला तरी त्याचा सूर होत नाही, तेवढी बोटं माणसाला नाहीत.

वादकांनी टेप ऐकून मनाने उत्तरं द्यावीत अशी श्टॉकहाउझन यांची सुरुवातीची कल्पना होती. ती सोडून शेवटी त्यांनी सगळं लिहून काढलं. स्वरलिपीत वरच्या भागात टेपवरचे आवाज आकृत्यांनी काढलेले आहेत, खाली वादकांच्या ओळी आणि बाजूने सेकंद. लेहरा मशीन, पण अतिशय गुंतागुंतीचं.

पियानोला जे जमत नाही

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण एका सुराचं आहे. पियानोचा सूर वाजला की लगेच विझू लागतो. हातोडी तारेवर पडते आणि मग वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. गायकासारखा लावलेला सूर फुलवत मोठा करणं पियानोला शक्यच नाही. अर्जेंटिनात जन्मलेले, न्यूयॉर्कला काम केलेले मारिओ दाविदोव्स्की यांनी १९७० मध्ये पियानो आणि टेपसाठी 'सिंक्रोनिझम्स क्रमांक ६' लिहिलं. सुरुवातीला पियानोवर एकच सूर पडतो. तो विझायला लागतो, आणि त्याच्याच पोटातून टेपवरचा तोच सूर वर येऊन फुगू लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पियानोच फुगला. काही क्षण कान फसतात, मग कळतं, मग हसू येतं. या रचनेला १९७१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

इथे इलेक्ट्रॉनिक्स पियानोच्या मागे पडदा धरून उभं नाही. ते पियानोची राहिलेली इच्छा पुरी करतं. चांगला सारंगीवाला गायकाची सोडलेली तान उचलून पुढे नेतो, त्याच्या जवळची गोष्ट आहे ही.

"पण हे तर कराओकेच झालं!"

टेपच्या बाबतीत हा आक्षेप अगदीच चूक नाही. टेप थांबत नाही, वादकाला तिच्यामागे धावावं लागतं. कित्येकदा वादकाच्या कानात छोटं यंत्र असतं, त्यात ठोके ऐकू येतात आणि त्या ठोक्यांच्या आधाराने तो चालतो. श्रोत्याला ते ऐकू येत नाहीत. काही रचनांत हे जाणवतं आणि वादक कारकुनासारखा वाटू लागतो. मलाही अशा रचना कंटाळवाण्या वाटतात.

कराओकेत मागचं संगीत पूर्ण असतं, गाणारा नसला तरी त्याचं काही अडत नाही. चांगल्या टेप-रचनेत टेप एकटी वाजवली तर ती लंगडी ऐकू येते. दाविदोव्स्कींची टेप पियानोशिवाय ऐकली तर मधे मधे नुसत्या शेपट्या राहतील, डोकी नसलेल्या. आणि कधी कधी टेपचं न ऐकणं हाच रचनेचा अर्थ असतो. त्यासाठी आगगाड्यांकडे यावं लागेल.

बोलण्यातला सूर, गाड्यांच्या शिट्ट्या

अमेरिकेचे स्टीव्ह राइश १९३६ मध्ये जन्मले. आईवडील वेगळे झालेले, एक न्यूयॉर्कला, एक लॉस एंजेलिसला. १९३९ ते १९४२ या काळात लहानगा स्टीव्ह सांभाळणाऱ्या बाईंबरोबर या दोन शहरांमध्ये आगगाडीने येजा करायचा. मोठेपणी त्यांच्या मनात आलं: मी ज्यू. त्याच वर्षांत मी युरोपात असतो तर मला वेगळ्याच गाड्यांमध्ये बसवलं असतं. 'डिफरंट ट्रेन्स', १९८८. स्ट्रिंग क्वार्टेट आणि टेप, तीन भाग, सुमारे २७ मिनिटं.

राइश यांनी त्यांना सांभाळणाऱ्या व्हर्जिनियाबाईंना बोलतं केलं, तेव्हाच्या आगगाडीवरच्या एका निवृत्त नोकराचं बोलणं घेतलं, आणि छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेल्या माणसांच्या मुद्रित आठवणींतून तुकडे निवडले. दोन-तीन शब्दांचे तुकडे. आता आपण बोलतो तेव्हा आवाज वर-खाली होतो. सकाळी खालून येणारी भाजीवालीची हाक घ्या. शब्द कळले नाहीत तरी चाल कळते, आणि पेटीवर बसलं तर ती काढताही येते. राइश यांनी नेमकं हेच केलं. "शिकागोहून न्यूयॉर्कला" असं व्हर्जिनियाबाई म्हणतात त्याची चाल कागदावर उतरवली आणि वाद्यांना दिली. बायकांच्या बोलण्याला व्हिओला, पुरुषांच्या बोलण्याला चेलो. वाद्य आधी चाल वाजवतं, मग टेपवरचा माणूस तेच बोलतो, आणि आपल्याला ऐकू येतं की तो बोलत नव्हता, गात होता. मागे गाड्यांची धडधड, तीही चौघांच्या धनूंवर.

क्रोनोस क्वार्टेटसाठी ही रचना झाली. मंचावर चौघं, आणि टेपवर बोलण्याबरोबर, शिट्ट्यांबरोबर आणखी तीन क्वार्टेटांचं वादन. पहिल्या भागात अमेरिकन गाड्यांच्या लांब, ऐसपैस शिट्ट्या. दुसऱ्या भागात युरोप: आखूड, किंचाळणाऱ्या शिट्ट्या आणि भोंगे. लय प्रत्येक माणसाच्या बोलण्याबरोबर बदलते, वादकांना सारखी उडी मारावी लागते.

आता तो आक्षेप परत आठवून बघा. टेप थांबत नाही. वाचलेली माणसं जे बोलून गेली ते बोलून गेली, ते लांबवता येत नाही, हळू करून घेता येत नाही. आजच्या जिवंत वादकांनी त्यांच्याच वेगाने चालायचं. इथे मला लेहरा मशीनची तक्रार करावीशी वाटत नाही.

यंत्राला कान फुटतात

लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्सचं एक जुनं आणि मजेदार उपकरण म्हणजे रिंग मॉड्युलेटर. नाव भीतिदायक, काम चौथीच्या गणिताचं. त्याला दोन सूर द्यायचे, ते त्यांची बेरीज आणि वजाबाकी परत देतं. सेकंदाला ४४० आणि ४४० कंपनांचे सूर दिले तर बेरीज ८८०, वजाबाकी शून्य. ८८० म्हणजे त्याच सुराचा तार सप्तकातला जोडीदार. स्वच्छ, गोड. आता ४४० ला सा मानून त्याच्याबरोबर शेजारचा कोमल रे, म्हणजे ४६६ द्या. बेरीज ९०६, जी आपल्या कोणत्याच स्वरावर नीट बसत नाही, आणि वजाबाकी २६, म्हणजे तळातली घरघर. पितळी भांडं आपटल्यासारखा आवाज येतो.

श्टॉकहाउझन यांनी १९७० मध्ये 'मंत्र' या दोन पियानोंच्या रचनेत हे वापरलं. नाव संस्कृतच आहे. प्रत्येक पियानोच्या आवाजाची एका ठरलेल्या सुराशी बेरीज-वजाबाकी होत राहते. पियानोवर तोच सूर वाजला की सगळं निवळतं, दूरचे सूर वाजले की आवाज काळवंडतो, वाकडा होतो. तंबोऱ्याच्या षड्जाजवळ आणि षड्जापासून दूर जाण्याचा जो अनुभव आपल्याला लहानपणापासून आहे, त्याचा एक विचित्र, विजेवर चालणारा चुलतभाऊ इथे भेटतो. तासाभराहून लांब रचना आहे, पण या एका गोष्टीकडे कान ठेवला तर मराठी श्रोत्याला ती पुष्कळांपेक्षा सोपी जाईल असा माझा अंदाज आहे.

तरीही इथे यंत्र वादकाला समजून घेत नव्हतं, मिळालेल्या आवाजाचं गणित करत होतं. पुढची पायरी होती यंत्राने स्वरलिपी हातात घेऊन वादक कुठवर आलाय ते ओळखणं. पॅरिसमध्ये संगीतकार पिएर बुलेझ यांच्या पुढाकाराने इर्काम ही संगीत-संशोधनाची संस्था १९७७ मध्ये सुरू झाली, तिची बरीचशी जागा पॉम्पिदू या कलाकेंद्राशेजारच्या चौकाखाली जमिनीत आहे. तिथे फिलिप मानुरी यांनी १९८७ मध्ये बासरी आणि संगणकासाठी 'ज्युपिटर' लिहिलं. संगणकाला बासरीची ओळ माहीत, तो माइकमधून ऐकतो, ताडून बघतो आणि ठरलेल्या जागी आपला आवाज सोडतो. वादकाने एखाद्या सुरावर जास्त वेळ रेंगाळायचं ठरवलं तर संगणक थांबतो. हे शक्य करणारे मिलर पकेट यांनीच पुढे जगभर वापरला जाणारा मॅक्स हा प्रोग्रॅम दिला. संगणकावर आवाज तयार करणारा प्रोग्रॅम १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लिहिणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून त्याचं नाव पडलं.

संगणकाला हिशेब करायला वेळ लागत असेलच की, मग साथ मागे पडत नाही का? लागतो, काही मिलिसेकंद. पण हवेतून आवाजालाही वेळ लागतो. दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे साथीदार तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसलाय, एवढंच. मंचाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाबरोबर आपण वाजवतोच.

"आणि संगणक चुकला तर?"

चुकतो. बासरीवाल्याने जोरात श्वास घेतला, प्रेक्षकांत कोणी खोकलं, दोन सूर एकमेकांत मिसळले, की संगणक रस्ता सोडू शकतो. म्हणून खुर्च्या हलवून बसवलेला तो तरुण. कार्यक्रम संपल्यावर काका सरळ त्याच्याकडे गेले. मीही मागोमाग. पडद्यावर एकाखाली एक आकडे होते, प्रत्येक पेडलचा एक. "बाईंकडून पेडल दोनदा दाबलं गेलं तर?" काकांनी विचारलं. "मग मी एक घर मागे आणतो," तो म्हणाला, "आणि त्यांना कळू देत नाही." बाकी वेळ त्याचा हात मिक्सरवर. बासरी आणि स्पीकर यांचा तोल रिकाम्या सभागृहात एक असतो, माणसं भरल्यावर दुसरा, कारण माणसं आणि त्यांचे स्वेटर आवाज पितात. म्हणून तो मंचामागे न बसता श्रोत्यांमध्ये बसतो, तुम्हाला ऐकू येतं तेच त्याला ऐकू यावं म्हणून. त्याचं नाव पत्रिकेत शेवटी, बारीक अक्षरात होतं. खरं तर तो त्या रात्रीचा दुसरा वादक होता.

वीज गेली तर मात्र इलाज नाही. आमच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेला एकदा ती गेली आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा गप्प झाला. गाणाऱ्या मुलीने डोळे उघडलेसुद्धा नाहीत, सा तसाच धरून ठेवला. 'मंत्र' अंधारात असं पुढे नेता येणार नाही.

"सिनेमाच्या गाण्यातही तबला आणि सिंथेसायझर असतोच की"

असतो, आणि फार सुंदर असतो. पण गाण्यात दोन्ही आवाज स्टुडिओत बसून एकजीव केलेले असतात, सांधा दिसू नये ही कारागिरी. इथे सांधा हाच विषय. हाताने, फुंकेने काढलेला आवाज कुठे संपतो आणि विजेचा कुठे सुरू होतो, ते तुम्ही समोर बसून शोधावं अशी अपेक्षा असते. काकांना पडलेला प्रश्न संगीतकाराने मुद्दाम पाडलेला होता.

"गोड का लागत नाही?"

काही रचना लागतात. सारिआहोंची बासरी, राइश यांच्या धावत्या लयी ऐकायला मुळीच कठीण नाहीत. ज्या लागत नाहीत तिथे एक साधी अडचण असते: आपण राग, चाल, ठेका शोधत बसतो आणि रचना आवाजाच्या पोताबद्दल बोलत असते. खरखरीत, ओला, पोकळ, दाट. आपल्याला हा पोत अगदीच परका नाही. जवारी (तारेखालच्या घोडीची घासणी, जिच्यामुळे तार झणझणते) नीट उघडलेला तंबोरा आणि बंद जवारीचा तंबोरा यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याचा कान तयारच आहे. फक्त इथे तंबोराच पुढे येऊन बसला आहे आणि गाणं मागे गेलंय. बाकी, यात कंटाळवाणं संगीतही भरपूर लिहिलं गेलं, हे कबूल करायला हरकत नाही. ख्यालातही सगळेच काही ऐकण्यासारखे गात नाहीत.

आपल्याकडे

'कोन्टाक्ट'च्या पहिल्या प्रयोगात पियानोवर होते डेव्हिड ट्यूडर. हेच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादला आले आणि तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी मूग या कंपनीचा सिंथेसायझर आणि टेप यंत्रं यांचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी पुढची तीन-चार वर्षं तिथे काम केलं. मग ते थांबलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि त्यांतल्या निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. भाकऱ्या-पोळ्यांच्या देशात हे कुठून आलं म्हणणाऱ्यांनी त्या जरूर ऐकाव्यात.

उलटा प्रवासही झाला. इंग्लंडचे जोनाथन हार्वी यांनी इर्कामसाठी १९८२ मध्ये लिहिलेल्या रचनेचं नाव 'भक्ती'. पंधरा वादक, चार बाजूंची टेप, बारा भाग, आणि प्रत्येक भागाला ऋग्वेदातल्या वचनाची जोड. ती वचनं कोणी गात नाही, स्वरलिपीत ती लिहिलेली आहेत.

यंत्र म्हातारं होतं तेव्हा

शेवटची अडचण घरगुती आहे. स्ट्रॅडिव्हेरियस या इटालियन कारागिराचं व्हायोलिन तीनशे वर्षांनी वाजतं. 'ज्युपिटर' ज्या संगणकासाठी लिहिलं तो काही वर्षांत अडगळीत गेला. मग ती रचना दुसऱ्या यंत्रावर, मग तिसऱ्यावर न्यावी लागली. पकेट यांनी प्युअर डेटा नावाच्या मोफत प्रोग्रॅमात ती पुन्हा बसवून ठेवली आहे. जुन्या कॅसेटवरचं आजोबांचं गाणं मोबाइलमध्ये घेताना आपण जी धडपड करतो, ती इथे प्रत्येक पिढीला करावी लागते, आणि इथे नुसता आवाज वाचवून भागत नाही. यंत्र कसं ऐकत होतं, तेही वाचवावं लागतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी 'डिफरंट ट्रेन्स', मग 'सिंक्रोनिझम्स'चं पहिलं मिनिट तीन-चारदा, मग 'नोआनोआ', आणि धीर आला की 'कोन्टाक्ट'चं सतरावं मिनिट. हेडफोन मात्र लावा. फिरत्या टेबलावरून चार माइकांत पकडलेला आवाज मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ऐकला तर तो फिरतच नाही, एका जागी बसून कुरकुरतो.